जुन्या पिकअपची वाजवी किंमत

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेला हा तरुण चांदवड तालुक्यात वडिलांबरोबर सहा एकर शेती पाहतो. टोमॅटो आणि कांदा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेण्यासाठी अकरा वर्षे वापरलेली एक बोलेरो पिकअप घ्यावी, असे घरात ठरत आले होते. मालक तीन लाख साठ हजार मागत होता. आईचे दागिने गहाण ठेवून काही रक्कम उभी करावयाची आणि उरलेल्या रकमेचे कर्ज काढावयाचे, असा बेत होता. त्याचा प्रश्न सरळ होता : "सर, हा भाव वाजवी आहे का?"

पंचवीस वर्षांच्या आतबाहेर मूल्यसिद्धांत शिकविणाऱ्या माणसास या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येऊ नये, ही गोष्ट मला थोडी लाजिरवाणी वाटली. म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम ज्या गोष्टी किंमत ठरवीत नाहीत त्या बाजूस सारल्या पाहिजेत. मालकाने गाडी केवढ्याला घेतली, गेल्या वर्षी इंजिनवर किती खर्च केला, मुलीच्या लग्नासाठी त्याला किती पैसे हवे आहेत, यांपैकी कशाचाही गाडीच्या मूल्याशी संबंध नाही. झालेला खर्च हा झालेला असतो. विमा कंपनीने पॉलिसीवर लिहिलेली रक्कमही फारशी उपयोगाची नाही. तिच्या तक्त्यात पाचव्या वर्षाअखेरपर्यंत निम्मी किंमत वजा होते आणि त्यापुढील वयाच्या गाडीचा आकडा विमेदार व कंपनी परस्पर संमतीने ठरवितात. प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीवर दरवर्षी तीस टक्के घसारा धरतात, तो करआकारणीच्या सोयीसाठी. मागितलेला आणि देऊ केलेला भाव यांचा मध्य काढण्याची आपल्याकडील रीत तर सर्वांत फसवी. कारण जो अधिक निर्लज्जपणे मागेल त्याच्या बाजूस मध्य सरकतो.

मग उरते काय? गाडी यापुढे जी सेवा देईल ती. त्या तरुणाच्या वर्षाला सुमारे १४० फेऱ्या होतात आणि फेरीमागे तो २,२०० रुपये भाडे मोजतो. म्हणजे वर्षाला ३ लाख ८ हजार. स्वतःची गाडी असल्यास हे भाडे वाचेल, परंतु जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरांना सुमारे ६६० रुपयांचे डिझेल लागेल. विमा, कर आणि पासिंग यांचे वर्षाला तीस हजार, दुरुस्तीचे चाळीस हजार धरले. येथवर त्याने हिशेब स्वतःच केला होता. "चालविणार कोण?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "मीच." आणि ही मजुरी त्याने शून्य धरली होती! शेतकऱ्याच्या घरातील श्रमाला किंमत नसते, हा समज शेतमालाच्या भावापासून सर्वत्र नडतो. फेरीमागे पाचशे रुपये धरून मी त्यात सत्तर हजार मिळविले. एकूण खर्च २ लाख ३२ हजार ४०० झाला आणि वर्षाची खरी बचत ७५ हजार ६०० उरली.

गाडी आणखी चार वर्षे काम देईल असे धरू. उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. शेकडा बारा दराने चार वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे २ लाख ३० हजार होते. अखेरीस ती ८० हजारांस विकली गेली, तर त्याचे आजचे मूल्य ५१ हजार. यातून चार टायर, क्लच आणि बॅटरी यांचे तातडीचे ४४ हजार वजा जाता २ लाख ३७ हजार उरतात. त्याच्यासाठी ही वरची मर्यादा. गावातील जुन्या गाड्यांचा व्यापारी मालकास २ लाख १० हजार द्यावयास तयार होता, ती मालकाची खालची मर्यादा. वाजवी किंमत या दोहोंच्या मधली. घासाघीस करावयाची ती एवढ्याच पट्ट्यात.

येथे कोणी म्हणेल की मालक लुबाडू पाहत होता. तसे म्हणता येत नाही. ज्याच्या वर्षाला दोनशे फेऱ्या होतात त्याच्यासाठी याच रीतीने हिशेब केला, दुरुस्तीला पन्नास हजार धरले, तर मूल्य ३ लाख ९५ हजारांच्या घरात जाते. गाडी तीच, पण तिचे मूल्य घेणाऱ्याच्या कामावर अवलंबून असते. तथापि मालकाच्या मागणीत एक जुना आकडा दडलेला होता. मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. ही सवलत पूर्णपणे ग्राहकापर्यंत पोहोचली तर नवी गाडी पावणेआठ टक्क्यांनी स्वस्त होते. नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरावयास हवा. जुन्या गाड्यांचे मालक मात्र अद्याप कपातीपूर्वीच्या भावाची आठवण काढीत बसलेले दिसतात.

आता अवघड भाग. चार वर्षे काम देईल, हे आपण कशावरून धरले? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याच विचारासाठी त्याला २००१ साली स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्यास दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरासरी दर्जाचाच भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही आणि बाजारात खटारे तेवढे उरतात. आपल्या कायद्याचा कलही घेणाऱ्याकडे नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम, काही अपवाद सोडता, मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरीत नाही.

या अज्ञानावर खरा उतारा म्हणजे ओळखीचा मिस्त्री. थंड इंजिन सुरू करून तेलाचे झाकण काढावयाचे, आतून धुराचे लोट येतात का पाहावयाचे. हौद्याखाली वाकून चेसिसला जोड दिलेला आहे का, पाटे सपाट झाले आहेत का, हे तपासावयाचे. पाट्यांवरून गाडीने आयुष्यभर किती जादा भार वाहिला ते कळते. ते किलोमीटरचा आकडा कधीच सांगत नाही, आणि तो आकडा मागे फिरविलेला असू शकतो. पाचशे रुपये मिस्त्रीला देण्यास कुरकुरणारा माणूस तीन लाख मात्र निमूटपणे मोजतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदलेला किलोमीटरचा (तेथे मैलांचा) आकडा कोणासही विनामूल्य पाहता येतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडी आपल्याकडेही दरवर्षी तपासणीस न्यावी लागते. त्या दिवशीचा आकडा वर्षावार सर्वांस पाहता येईल असा खुला ठेवावयास शासनाला कितीसा खर्च येणार आहे? माझ्या मते या एका नोंदीने जितकी फसवणूक थांबेल तितकी दहा परिपत्रकांनी थांबणार नाही.

कर्जाबद्दल दोन शब्द. "महिन्याला साडेनऊ हजार फक्त," असे त्याला सांगण्यात आले होते. अडीच लाखांवर सरसकट बारा टक्के, तीन वर्षे. फेडत आलेल्या मुद्दलावरही पूर्ण व्याज आकारले जाते, म्हणून घटत्या शिलकेवर हाच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. हप्ता पाहून किंमत ठरविणाऱ्याने किंमत पाहिलेलीच नसते.

आणि विकणाऱ्यांसही, ज्यांत आपल्यासारखे शिक्षक व कारकून असतात, एक सांगावेसे वाटते. पैसे मिळाले, किल्ली दिली, एवढ्याने व्यवहार संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक. गाडी चार हात फिरली तरी दावा पहिल्याच्या दारी येतो. कर्जाचा बोजा, थकलेली चलने आणि नाव बदलण्याचे अर्ज यांचा खर्च व त्रास किमतीतच धरला पाहिजे.

परवा तो पुन्हा आला होता. मालक २ लाख ७५ हजारांवर उतरला आहे. दागिने अजून घरीच आहेत. शेजारच्या दोन शेतकऱ्यांचा माल भाड्याने नेला तर फेऱ्या किती वाढतील, हे तो आता त्यांना विचारून येणार आहे. मिस्त्रीची वेळ त्याने रविवारची घेतली आहे.