सायकलवाला, सायकलस्वार आणि सायकलिस्ट

सायकल चालवणाऱ्या माणसासाठी आज मराठीत तीन शब्द रूढ आहेत. पोटासाठी पायडल मारतो तो सायकलवाला. वाहनाची धडक बसून जखमी होतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत भेटतो तो सायकलस्वार. हेल्मेट घालून पहाटे गंगापूर रोडने धरणाकडे निघतो तो सायकलिस्ट. वाहन एकच, दोन चाकेही तीच. भेद आहे तो चालवणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हा तिघांना हा भेद वर्गात नव्हे, तर नाशकातल्या एका सायकलच्या दुकानात उमगला.

आम्ही तिघेही चाळिशी ओलांडलेले. खुर्ची, खडू आणि उत्तरपत्रिका यांत वर्षे गेली. मग रक्ततपासणीच्या कागदाने जागे केले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, गुडघ्यांनी धावणे नाकारले, म्हणून सायकल. तीही 'रोड बाइक', परंतु परवडणारी. दुकानात पहिला प्रश्न आला तो 'बजेट किती?' हा. दुसरा प्रश्न आलाच नाही. आमच्या पायांची लांबी कोणी मोजली नाही, आम्ही कोणत्या रस्त्याने आणि किती अंतर जाणार हे कोणी विचारले नाही. कार्बनच्या फ्रेमचे वजन मात्र बोटावर तोलून दाखवण्यात आले. आपले स्वतःचे वजन दहा किलो जास्त असताना सायकलीचे दोन किलो कमी करण्यासाठी लाखभर रुपये मोजावेत, यातला विनोद दुकानदाराला जाणवत नव्हता. काही क्षण आम्हालाही जाणवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर जे शिकलो ते थोडक्यात असे. फ्रेमचे माप अंगाला बेतलेले असणे ही पहिली अट. ते चुकले तर कोणत्याही किमतीची सायकल पाठ आणि मनगटे धरते. आपल्याकडच्या खड्ड्यांना २३ मिलिमीटरचा अरुंद टायर सोसत नाही. २८ किंवा फ्रेममध्ये बसत असेल तर ३२ बरा. गिअरसाठी शिमानोची क्लॅरिस ही मागे आठ चक्रांची साधी जुळणी व्यायामापुरती पुरेशी आहे. अनेक रोड बाइकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असतो, त्याला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही. म्हणून स्वतःचा पंप, जादा ट्यूब, हेल्मेट आणि दिवे यांचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावा. आणि हौस ओसरलेल्या कोणाची तरी सायकल गच्चीवर धूळ खात असतेच. ती जाणकाराला दाखवून घेण्यात कमीपणा नाही.

नाशिकला सायकलीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या इथल्या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. इथून पंढरपूरला सायकलवारीही निघते. परंतु पराक्रमाची एक गंमत असते: पाहणाऱ्याला पराक्रम साधत नाही, त्याचे साहित्य मात्र विकत घेता येते. त्र्यंबकेश्वरपर्यंतचे तीसेक किलोमीटर दम न लागता जाता यावे एवढीच ज्याची आकांक्षा आहे, त्याने अमेरिका ओलांडणाऱ्याचे यंत्र घेणे म्हणजे अक्षरे गिरवण्यासाठी सोन्याची लेखणी घेणे होय.

तरीही 'परवडणारी' हा शब्द आम्हाला सोडत नाही. परवडणे हे क्रियापद 'कोणाला?' या प्रश्नाच्या उत्तराशिवाय पूर्ण होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सवलत सर्वांना सारखीच. पण धड रोड बाइक आजही तीस-चाळीस हजारांच्या पुढेच सुरू होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे डबा अडकवून निघालेल्या कामगाराची काळी सायकल याच्या अंशभर किमतीत येते, आणि तो आमच्याहून अधिक नियमाने ती चालवतो. त्याला कोणी 'फिटनेस' म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग तुम्हीही काळी सायकलच घ्या. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी खोटा आहे. वीसेक किलोची, बिनगिअरची सायकल चढावर गुडघ्यांवर भार टाकते. कामगार ती आवडीने नव्हे, पर्याय नसल्याने ओढतो. गरिबीचे अनुकरण म्हणजे साधेपणा नव्हे. आम्ही अखेर अॅल्युमिनियम फ्रेमची, क्लॅरिसची, मापाची आणि एका हाताने वापरलेली सायकल घेतली, आणि दुसरी-तिसरी त्याच वाटेने शोधतो आहोत. त्याची लाज नाही, मिरवणूकही नाही.

आग्रह आहे तो एवढाच. सायकलिस्टांचा आवाज आज महापालिकेपर्यंत पोहोचतो. सायकलीसाठी वेगळी वाट मागायची तर ती रविवारच्या पहाटेसाठी आणि गंगापूर रोडपुरती मागू नये. पाळी सुटल्यावर अंधारात त्र्यंबक रोडने घरी परतणाऱ्यासाठी मागावी. त्याच्यासाठी सुरक्षित असलेला रस्ता आम्हाला आपोआप सुरक्षित होईल. उलट मात्र घडत नाही.