आधी पडायला शिका

विद्यापीठाच्या ज्युदो मंडळात नव्याने दाखल झालेल्या नातवाला वा नातीला ‘पहिल्या महिन्यात काय शिकलात?’ असे विचारावे. बहुधा ‘पडायला’ असेच उत्तर मिळेल. समोरच्याला पाडण्याचे डाव मागाहून येतात. आरंभी स्वतःला इजा न होता पडता यावे लागते. या विद्येस जपानी भाषेत ‘उकेमी’ म्हणतात. घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबाने तिची ओळख करून घ्यावी.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे स्वतः विद्यापीठातील नवशिकेच होते. अंगाने लहानखुरे असलेल्या कानोंना शालेय वयात दांडगट मुलांचा जाच सोसावा लागला. १८७७ साली, तोक्यो विद्यापीठात शिकत असताना, ते जुजुत्सु ही जुनी युद्धकला शिकू लागले. डाव समजावून सांगा म्हटले, की त्यांचे पहिले गुरू उत्तरादाखल त्यांना पुन्हा पाडीत. पुढे १८८२ साली कानोंनी तोक्योतील एका बौद्ध मंदिरात ‘कोदोकान’ ही आपली संस्था काढली. तेथे मुक्त सरावातून घातक प्रकार वगळले गेले आणि पडण्याच्या शिक्षणाला पायाचे स्थान मिळाले.

हे शिक्षण टप्प्याटप्प्याने होते. प्रथम गादीवर निजून, मग बसून, नंतर उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने. हनुवटी छातीशी टेकवायची, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. श्वास रोखायचा नाही. आघात एका जागी न घेता पाठीवर आणि बाहूंवर पसरू द्यायचा. तोल गेल्यावर हात ताठ करून जमिनीवर टेकण्याची आपली सहजप्रवृत्ती असते. मनगटाची हाडे मोडतात ती बहुधा अशीच. ती सवय मोडणे हाच या धड्यांतील अवघड भाग होय.

पालकांनी नवशिक्याबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. उकेमी पक्की होण्यापूर्वी त्याला जोराने पाडले जात नाही ना, याची प्रशिक्षकांकडे चौकशी करावी. तसेच डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, उलटी, गुंगी वा गोंधळलेपणा जाणवला, तर सराव त्वरित थांबवून रुग्णालय गाठावे.

आता ज्येष्ठांविषयी. ज्युदोच्या सभागृहात नवशिका एका संध्याकाळी सर्वांदेखत कितीतरी वेळा पडतो आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. घरात मात्र न्हाणीघरात पाय घसरलेली आजी ते मुलांपासून लपवते. ‘उगाच काळजी करतील’, ‘एकटीने बाहेर जाऊ देणार नाहीत’, अशी धास्ती तिला असते. लपवलेल्या पडण्याचे कारण शोधले जात नाही. ते रक्तदाबाच्या गोळीत, मंदावलेल्या दृष्टीत वा सैल चपलेतही असू शकते. शिवाय भीतीने चालणे कमी होते, त्याने स्नायू दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो.

म्हणून काळजीवाहकांनी पडल्याची हकीकत ऐकताना रागावू नये. कसे, कोठे, कोणत्या वेळी, उठताना चक्कर आली होती का, हे शांतपणे विचारून डॉक्टरांना कळवावे. ज्येष्ठांनी नातवंडांचे पाहून घरी पडण्याचा सराव मुळीच करू नये; ठिसूळ हाडांना तो झेपणारा नाही. मात्र जमिनीवरून उठण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून अवश्य शिकावी. कुशीवर वळणे, हातांवर व गुडघ्यांवर येणे, भक्कम खुर्चीचा आधार घेणे आणि सावकाश उभे राहणे, असा तिचा क्रम असतो. पडल्यावर मात्र तीव्र वेदना असतील वा पाय हलवता येत नसेल, तर उठण्याचा प्रयत्न न करता हाक मारावी.

ज्युदोत पकड असह्य झाली की खेळाडू हाताने दोनदा थाप मारतो आणि समोरचा तत्क्षणी सोडतो. ही खूण पहिल्याच दिवसांत शिकवली जाते आणि अनुभवी खेळाडूही ती निःसंकोच वापरतात. आपल्या घरातील वृद्धांनाही अशी थाप मारण्याची मुभा असावी आणि ती ऐकताच कोणीतरी धावून येईल, असा विश्वास त्यांना वाटावा.