घोड्यावर बसू द्यावं का?

मैत्रिणींनो, या खेपेला विषय थोडा स्वयंपाकघराबाहेरचा आहे. पौड-मुळशीच्या रस्त्याला शेतघरं आणि रिसॉर्टं झाली, तशी वरातीच्या घोडीखेरीज दुसरी घोडीही आमच्याकडे दिसू लागली. मुली रविवारी घोडेस्वारी शिकायला जातात, एखादी स्पर्धेपर्यंतही पोचते. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतली नववीतली एक मुलगी त्यातलीच. तिला लहानपणापासून मधुमेह आहे. आजी-आजोबांना होतो तो नव्हे, पहिल्या प्रकारचा. म्हणजे इन्सुलिन रोजचं आणि जन्माचं.

तिची आई परवा म्हणाली, "बाई, स्पर्धेचा फॉर्म आलाय. त्यात आजाराचा रकाना आहे. हे म्हणतात, कोरा सोड. लिहिलं तर घेणार नाहीत, आणि बोभाटा झाला की पुढे लग्नाचं अवघड. सासूबाई तर म्हणतात, घोडंच बंद करा. मी काय करू?"

खरं सांगते, घोड्यापेक्षा मला त्या कोऱ्या रकान्याचीच भीती वाटली.

डेन्मार्कची लिस हार्टेल ठाऊक आहे का तुम्हाला? आमच्याकडे मुळशीचा सत्याग्रह झाला त्याच १९२१ सालची तिचा जन्म. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली, पण आईचे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसली. चढवायला-उतरवायला माणूस लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 'ड्रेसाज' या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली डौलात करवून घ्यायच्या. त्यात ताकदीपेक्षा तोल आणि घोड्याशी जुळलेलं मन लागतं. लिसनं जुबिली नावाच्या घोडीवर पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ ला पुन्हा एकदा. पाय चालत नाहीत हे अख्ख्या जगाला दिसत होतं. तिनं ते झाकलं नाही; झाकलं असतं तर तिला घोड्यावर चढवलं कुणी असतं?

कुणी म्हणेल, पोलिओ एकदा येऊन गेला, रोज कमीजास्त होणाऱ्या दुखण्याचं काय? इंग्लंडच्या ॲन डनम यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा चिवट आजार. १९९६ च्या पॅरालिंपिकमध्येही त्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होत्या आणि २०१६ ला, साठी उलटल्यावरही होत्या! घरातल्या पुरुषमंडळींना या बाया परक्या वाटत असतील तर त्यांना वसीम अक्रमची आठवण द्या. १९९७ मध्ये त्याला मधुमेह निघाला. त्यानंतर १९९९ चा विश्वचषक तो कप्तान म्हणून खेळला आणि २००३ पर्यंत गोलंदाजी करत राहिला. भल्याभल्यांच्या दांड्या उडवल्या की त्यानं!

आता काळजीचं बोलू, कारण काळजी खोटी नाही. घोड्यावर असताना साखर उतरली तर हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं, आणि लगाम तर त्याच हातात. म्हणून बसण्याआधी रक्तातली साखर तपासायची. साधारण १२५ ते १८० च्या दरम्यान असली तर बरी. ७० च्या खाली आली की लगेच खाली उतरायचं, तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उलट साखर फार चढलेली असून लघवीत कीटोन निघाले, तर त्या दिवशी घोडा नाही, डॉक्टरांना फोन. गंमत म्हणजे स्पर्धेच्या दिवशी नुसत्या धाकधुकीनंही साखर चढते. सरावाला होतं ते त्या दिवशी होईलच असं नाही. सरावाआधीचं इन्सुलिन मांडीत टोचू नये, मांड्यांनाच काम पडतं आणि औषध भराभर रक्तात उतरतं. डोस किती कमी करायचा ते मात्र डॉक्टरांनीच सांगायचं, शेजारणीनं नाही. (मीही शेजारीणच.) संध्याकाळी सराव झाला तर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, तेव्हा झोपण्यापूर्वी तपासणी चुकवायची नाही.

हे सगळं शिकवणाऱ्या सरांना ठाऊक हवं. मुलगी बेशुद्ध झाली तर तोंडात साखरपाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठायचा. पण तिला मधुमेह आहे हेच माहीत नसलं, तर सर म्हणणार, उन्हानं चक्कर आली, बसवा सावलीत. क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत स्वारांनी आजाराची माहिती दंडाला बांधायची पद्धत आहे, ती काही उगाच नाही. शिवाय खेळाडूंना मनाई असलेल्या औषधांच्या जागतिक यादीत इन्सुलिनही आहे. मधुमेही खेळाडूला त्यासाठी रीतसर वैद्यकीय परवानगी मिळते, पण ती मागावी लागते. आज कोरा सोडलेला रकाना पुढे मोठ्या स्पर्धेत नडला, तर मुलगी फुकट बदनाम व्हायची.

राहिलं लग्न. मी तिच्या आईला स्पष्टच म्हटलं, "ताई, चोरून इंजेक्शन घ्यायची सवय लागलेली मुलगी सासरी ते चुकवायला लागेल, आणि त्यात जिवावर बेतेल. त्यापेक्षा ज्यांना चालणार नाही ते आधीच गेलेले परवडले." त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पण फॉर्मचा रकाना त्यांनी स्वतःच्या हातानं भरला आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. नवरा दोन दिवस जेवताना गप्प होता म्हणे.

कुणाची मुलगी अशी शिकत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. खिशात गूळ ठेवू नका, घोड्याला लगेच वास लागतो आणि तो खिसाच चावायला बघतो. ग्लुकोजच्या गोळ्या डबीत घालून द्या, आणि खिशाला चेन शिवून घ्या.