ओवी कुणाची, ठेका कुणाचा?

गेल्या वर्षी गौरीच्या जागराला आमच्या कोल्हापुरातल्या एका पेठेत झिम्मा-फुगडी रंगली ती डॉल्बीवर. गाणी जुनीच, खाली इलेक्ट्रॉनिक ठेका. मध्येच एक ओवी लागली आणि बचतगटातल्या सत्तरीच्या मावशी फुगडी सोडून थबकल्या. आवाज त्यांचाच होता. लोकगीतं जमवतोय म्हणून कुणीतरी मोबाईलवर त्यांच्याकडून गाऊन घेतलं होतं, त्याचं रिमिक्स झालं होतं. अल्बमवर ठेका देणाऱ्याचं नाव ठळक. गाण्यापुढे एकच शब्द, 'पारंपरिक'.

रिमिक्स म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. ओवी कधी एका जागी थांबली होती? एकीने म्हटली, दुसरीने तिच्यात आपल्या भावाचं, गावाचं नाव घातलं, सासुरवासाची एक ओळ वाढवली. (जातं घरातून गेलं याचं दुःख तर मुळीच नको, पहाटे उठून पायलीभर दळलेल्या बायकांना विचारा.) पण जात्यावर बाईच्या दमाप्रमाणे ओळ लांबायची. इथे ठेका आधी ठरलेला, ओळ त्यात बसेल तेवढीच ठेवलेली. मावशींच्या ओवीतलं माहेर राहिलं, सासूचा जाच गेला. नाचायला तो जड पडत असावा!

पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारणींची नावं आणि गावं टिपली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने त्या नावानिशी लोकांसमोर आणल्या. म्हणजे हे जमतं. कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला आहे. गाण्याला कवी सापडत नसेल, गळा कुणाचा हे तर सापडतंच.

आणि मैत्रिणींनो, आपण? मोर्च्यासाठी, शिबिरासाठी ओवीच्या चाली आपणही घेतल्या, आपले शब्द बसवले, पुस्तिका छापल्या. माझ्या कपाटातल्या पुस्तिकांतही 'चाल : पारंपरिक' असंच आहे. कुणाकडून शिकलो ते तेव्हा ठाऊक होतं, लिहावंसं वाटलं नाही. पुढच्या आवृत्तीत ती नावं घालूया. आणि गाणं टेप करण्याआधी बाईला वाचून दाखवायचा एक साधा संमतीचा कागद गटागटांनी करूया : आवाज कुठे वाजणार, ओळ कापायची तर तिला विचारणार का, पैसे आले तर तिचा वाटा किती.

तक्रार करायची का, असं मी मावशींना विचारलं. म्हणाल्या, "पैशाचं मागनं बघू गं. आधी त्या पोराला सांग, माझी सासू परत घाल म्हणावं त्यात."