फोन वाजत होता, स्क्रीनवर नाव होतं ‘शेठ’

मागच्या आठवड्यात आमच्या बायपासवर एक अपघात झाला. बातमी तुम्ही वाचली असेल, मीच दिली होती. ‘भरधाव ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.’ सात ओळी. शेवटी आमचं नेहमीचं वाक्य, ‘चालकाचा ताबा सुटल्याने हा अपघात झाला.’

ताबा का सुटला याचा अंदाज मला जागेवरच आला होता. तरी लिहिलं नाही. म्हणून ही पोस्ट, जरा लांब आहे, पण वाचा.

सकाळचे सव्वासात वाजले असतील. डेअरीला दूध घालून घरी निघालेला माणूस. रिकाम्या किटल्या पार शेतात जाऊन पडल्या होत्या. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून मारायला सुरुवात केली होती. फोटो काढायला मी केबिनजवळ गेलो तर आत क्लचपाशी फोन पडलेला. वाजत होता. स्क्रीनवर नाव ‘शेठ’. बंद झाला, परत वाजला. परत बंद, परत वाजला. शेवटी एका पोलिसाने उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, “कुठं मेलास रे? मघाशी बोलता बोलता फोन का कट केला?”

दुपारी ठाण्यात फिर्याद पाहिली. ‘आपल्या ताब्यातील ट्रक हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून...’ वीस वर्षं हेच वाक्य वाचतोय, फक्त नाव आणि गाडी नंबर बदलतो. पंचनाम्यात ट्रक आला, दुचाकी आली, किटल्या आल्या, एक चप्पलही आली. फोन आला नाही.

आता सरकारी आकडे बघा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या खात्यात. मोबाईलच्या खात्यात जेमतेम दोन टक्के. तुम्हीआम्ही रोज रस्त्यावर जे बघतो ते या दोन टक्क्यांत बसतं का? वेग नसतो असं माझं म्हणणं नाही. पण जे कुणी लिहूनच घेत नाही, ते आकड्यात कुठून येणार? आणि यात पोलिसांइतकेच आम्ही पत्रकारही दोषी आहोत. ‘ताबा सुटला’ लिहिलं की आमचंही काम झालं.

साधं गणित करा. ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला असेल तर एका सेकंदाला साधारण १७ मीटर जातो. फोन कुणाचा आहे हे बघायला पाच सेकंद मान खाली घातली तर ८० मीटरच्या वर अंतर डोळे मिटून कापल्यासारखं झालं. आमचा अख्खा एसटी स्टँड त्यात बसतो. मागे वीस टन माल असेल तर ब्रेक मारल्यावरही गाडी जागेवर थांबत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे बसवून अभ्यास केला होता. मेसेज टाइप करणाऱ्या ड्रायव्हरचा अपघाताचा धोका तेवीस पटीने वाढतो, असं त्यांना २००९ मध्ये दिसलं.

मग ड्रायव्हर मूर्ख आहेत का? नाहीत. दोन दिवस मी हायवेवरच्या ढाब्यांवर बसलो. जी मंडळी भेटली त्यांनी सरळ सांगितलं.

एक म्हणाला, “साहेब, आधी संगतीला किन्नर असायचा. तो बोलायचा, मागून गाडी येते का बघायचा, झोप आली तर हलवायचा. मालकाने खर्च वाचवला. आता किन्नर म्हणजे हा फोन.” दुसरा म्हणाला, “टोल कापला की मालकाला मेसेज जातो. लगेच फोन, आत्ता टोल झाला तर तास झाला तरी गाव का आलं नाही? ई-वे बिलाची मुदत संपायच्या आत माल पोचला पाहिजे, नाहीतर दंड. फोन नाही उचलला तर पुढची ट्रीप दुसऱ्याला.” तिसरा रात्री बायकोशी बोलतो. जागं राहायला. बारा-पंधरा दिवस घरी जात नाही, दिवसा बोलायला वेळ नाही. कानात वायर घालून बोलतो, म्हणजे हात मोकळे. डोकं मोकळं नसतं, हे त्यालाही कळतं.

आणि हो, रील बघत गाडी चालवणारेही आहेत. डॅशबोर्डवर फोन उभा करून पिक्चर बघणारेही मी पाहिलेत. त्यांची बाजू मी घेत नाही. त्यांचं लायसन जायलाच पाहिजे.

पण ज्याने फोन केला त्याचं काय?

कायदा इथे मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातात फोन धरणं ‘धोकादायक वाहन चालवणं’ ठरलं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. नकाशा बघायला सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कायद्यात जरा पुढे कलम १८८ आहे, ते मात्र कुणी उघडत नाही. १८४ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल किंवा मदत करेल, त्यालाही तीच शिक्षा. ड्रायव्हर गाडी चालवतोय हे माहीत असताना दहादा फोन करणारा, ‘उचलला नाहीस तर कामावरून काढतो’ म्हणणारा मालक या कलमात बसतो की नाही, हे कोर्टाने ठरवावं. पण कोर्टापर्यंत न्यायला तर पाहिजे. माझ्या वीस वर्षांत आमच्या ठाण्यात हे कलम लागलेलं मी पाहिलं नाही.

अमेरिकेत २०१२ पासून ट्रक-बस ड्रायव्हरला हातात फोन धरायला बंदी आहे. नियम आला तेव्हा ड्रायव्हरला दंड होता २,७५० डॉलरपर्यंत, आणि हातात फोन धरू देणाऱ्या कंपनीला ११ हजार डॉलरपर्यंत. म्हणजे मालकाला चौपट. कंपनीच्या खिशाला हात लागला की कंपनीच ड्रायव्हरला सांगते, बाबा फोन उचलू नको. आपल्याकडे उलटं. जानेवारी २०२४ मधला ड्रायव्हर लोकांचा संप आठवा, पेट्रोल पंपावर आपण सगळे रांगेत उभे होतो. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या कलमावरून तो संप झाला. तेव्हा टीव्हीवर ड्रायव्हरच्या शिक्षेची चर्चा भरपूर झाली. त्याला किती तास जागं ठेवतात, कोण फोन करतं, याची किती झाली?

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तो दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. ढाब्यावर मी हे सांगितलं तर सगळे हसले.

मला तीन गोष्टी सुचतात. एक, प्राणांतिक अपघातात फोन पंचनाम्यात आलाच पाहिजे आणि अपघाताच्या वेळचा कॉल रेकॉर्ड निघाला पाहिजे. खुनाच्या तपासात सीडीआर दोन दिवसांत येतो, इथेही माणूसच मेलेला असतो. दोन, अपघाताच्या मिनिटाला मालकाचा किंवा ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन चालू असेल तर त्याचाही जबाब घ्या, १८८ लावून बघा. तीन, गाडीत जीपीएस आहेच. गाडी कुठे आहे ते मालकाने स्क्रीनवर बघावं. बोलायचंच असेल तर गाडी थांबलेली दिसल्यावर बोलावं.

आणि चौथी गोष्ट माझी. इथून पुढे ‘ताबा सुटला’ एवढ्यावर मी बातमी संपवणार नाही. फोन चालू होता का, किती तास गाडीवर होता, हे विचारीन. उत्तर मिळालं नाही तर ‘पोलिसांनी सांगितलं नाही’ असं लिहीन. बातमीच्या नादात मीही हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलत आलोय. तेही बंद केलं.

त्या दूधवाल्याच्या घरी परवा जाऊन आलो. म्हातारी आई आहे. तिने एकच विचारलं, “ड्रायव्हरला फोन कुणाचा होता म्हणे?” गावात चर्चा पोचली होती. मी सांगितलं, मालकाचा. ती म्हणाली, “मग त्याला कुणी काही विचारलं का?”

मी काही बोलू शकलो नाही.

तुमच्या घरचं कुणी गाडीवर असेल, किंवा तुमचा माल कुणाच्या गाडीत असेल, तर फोन लागल्यावर ‘कुठपर्यंत आलास’ विचारायच्या आधी ‘गाडी चालू आहे का’ विचारा. हो म्हणाला तर ठेवून द्या. माल तासभर उशिरा आला तर चालतो.