यंत्राचा भाव, माणसाचा डाव

मंडईत वांग्यांचा भाव क्षणात कळतो. पण ती भरून करायची की भाजून, हे भाव सांगत नाही. संगणकापुढे बसून बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, असे मला वाटते.

‘किंग्ज इंडियन’ हा बचाव घ्या. काळा खेळाडू घोडा बाहेर काढतो, उंट लांब कर्णावर बसवतो आणि पटाचा मध्य पांढऱ्या प्याद्यांना खुशाल व्यापू देतो. मागाहून त्याच मध्यावर तुटून पडतो. ही मांडणी आपल्याच मातीतली. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रनविरुद्ध अशा मांडण्या खेळले.

आज स्टॉकफिश हा फुकट मिळणारा संगणकी खेळाडू ही मांडणी पाहताच पांढऱ्याचे पारडे जड असल्याचा आकडा दाखवतो. मूल तो वाचते आणि बचावच सोडून देते. माझा आक्षेप इथे आहे. पुढची प्रत्येक चाल दोन्ही बाजूंनी अचूक होईल, हे त्या आकड्यात गृहीत असते. समोर बसलेला माणूस मात्र घामाघूम झालेला असतो. बँकेत आयुष्यभर ताळेबंद वाचले. शिल्लक खरी असते, पण धंदा कसा करावा हे ती शिकवत नाही.

यंत्राचे उपकार मी नाकारत नाही. 1997 साली डीप ब्लूने कास्पारॉव्हला हरवले, तेव्हा खेळ संपला असे अनेकांना वाटले. तो संपला नाही. 2017 मध्ये अल्फाझीरोने कडेचे प्यादे बेधडक पुढे रेटून ग्रँडमास्टरांनाही नवी दृष्टी दिली. पूर्वी रशियन पुस्तकाची एक प्रत दहा हातांतून फिरे. आता बोळातल्या पोरालाही जगज्जेत्याच्या तोडीचा सल्लागार मिळतो.

पण सल्लागार सर्वांना सारखाच मिळाला, तर फरक उरतो तो माणसाचा. जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, पळत्या घड्याळाबरोबर. तिथे पडदा नव्हता, आकडा नव्हता. जिंकली ती एकोणीस वर्षांची दिव्या.

म्हणून आधी लाकडी पट मांडावा. मुलाने आपली चाल आणि तिचे कारण वहीत लिहावे. मग यंत्राला विचारावे. उत्तर वेगळे आले, तर ‘का?’ हा प्रश्न पुन्हा पटावरच सोडवावा. यंत्र चूक दाखवील. ती समजून घेण्याचे कष्ट मुलालाच करू द्यावेत.