समजून घ्या : १२ हजार पगारावर आणि दोन लाख पगारावर एकच कर, व्यवसाय कराचं गणित काय?

पगाराच्या स्लिपवर 'पीटी' असं लिहून दरमहा २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत ३०० रुपये. वर्षाचे झाले २,५०० रुपये. हा राज्याचा व्यवसाय कर. रक्कम लहान असली तरी कर कोणावर किती असावा, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

कोणाला किती?
महाराष्ट्रात पुरुषांना महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असेल तर पूर्ण कर लागतो. ७,५०१ ते १०,००० रुपये पगारावर दरमहा १७५ रुपये कापले जातात. महिलांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे.

अन्याय कुठे?
महिना १२,००० रुपये कमावणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या वार्षिक उत्पन्नातले सुमारे १.७ टक्के या करात जातात. महिना दोन लाख कमावणाऱ्या मॅनेजरचे फक्त ०.१ टक्का. रक्षकाला आयकर लागत नाही, पण हा कर चुकत नाही.

श्रीमंतांकडून जास्त का घेत नाहीत?
राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ मधली आहे. त्याआधी ती २५० रुपये होती. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० रुपये करण्याची शिफारस केली होती. मात्र त्यासाठी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागेल.

हा कर आला कशासाठी?
१९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर लागू झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी वाटा उचलायचा, असा हिशेब होता. कर म्हणजे स्वतःच्या कमाईवरच्या हक्कात सरकारचा हस्तक्षेप, असं अनेकांना वाटतं. पण हमीचं काम मिळाल्याने मजुराला मिळेल त्या मजुरीवर राबण्याला नाही म्हणता आलं. एकाच्या खिशातून गेलेल्या पैशाने दुसऱ्याचं स्वातंत्र्य वाढलं.

मग अडचण काय?
हेतू चांगला, पण भार उलटा. रोहयोसाठी आलेला कर आज शहरातल्या कमी पगाराच्या कामगाराला सगळ्यात जड जातो. पगार वाढत गेले, वरची मर्यादा तिथेच राहिली. त्यामुळे मोठ्या पगारदाराचा वाटा दरवर्षी आणखी हलका होतो.

राज्याच्या हातात काय?
वरची मर्यादा दिल्लीच्या हातात आहे, खालची मुंबईच्या. महिलांसाठी सूट वाढवताना घटनादुरुस्ती लागली नव्हती. पुरुषांनाही २५,००० रुपयांपर्यंत सूट द्यायला ती लागणार नाही. तिजोरीत तूट येईल, हे खरं. ती भरायची कोणाकडून, हा निर्णय मात्र राजकीय आहे.